‘आधुनिक अटिला’: एका मथळ्याची उलटतपासणी

२० जून १९११ रोजी मेक्सिको सिटीतल्या ‘एल इम्पार्शियाल’ या दैनिकाने मथळा छापला: सापाता हा आधुनिक अटिला आहे. पाचव्या शतकात युरोपभर धुमाकूळ घालणारा हूणांचा राजा अटिला शाळकरी पोरांनाही ठाऊक होता, त्यामुळे पुढे काही सांगायची गरज उरली नाही. एमिलियानो सापाता तेव्हा एकतीस वर्षांचा होता. मोरेलोस प्रांतातल्या अनेनेक्विल्को या लहानशा गावचा तो शेतकरी, आणि घोडे शिकवण्यात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. महिन्याभरापूर्वी, १९ मे रोजी, त्याच्या माणसांनी क्वाउत्ला शहर घेतले होते. त्यानंतर सहाव्या दिवशी तीन दशकांहून अधिक काळ देशावर राज्य करणाऱ्या पोर्फिरियो दियासने राजीनामा दिला. म्हणजे मथळा छापला त्या दिवशी सापाता जिंकलेल्या पक्षात होता, बंडखोर नव्हता. तरीही अटिला!

हे नाव त्याला आयुष्यभर चिकटले. ‘दक्षिणेचा अटिला’ या रूपात ते आजही पुस्तकांत भेटते, पुष्कळदा कौतुकाच्या सुरात. म्हणून ते कुठून आले, कोणत्या आठवड्यात आले आणि त्या आठवड्यात खरोखर काय चालले होते, हे कागदपत्रांवरून लावून पाहणे मला महत्त्वाचे वाटते. या मथळ्याची खरी साक्ष त्याच्या तारखेत आहे.

१३ जूनपासून क्वेर्नावाका या प्रांताच्या राजधानीबाहेर, ‘ला कारोलिना’ नावाच्या कारखान्याच्या आवारात, सापाताची फौज शस्त्रे खाली ठेवत होती. रायफल जमा करायची, दहा पेसो घ्यायचे. लांबून आलेल्याला पंधरा. सोबत पिस्तूल दिले तर वर आणखी पाच. क्रांतीचा नेता फ्रान्सिस्को मादेरो याच्या सांगण्यावरून हे चालले होते. सुमारे साडेतीन हजार शस्त्रे जमा झाली आणि त्यापायी ४७,५०० पेसो वाटले गेले. अटिलाचा मथळा या नि:शस्त्रीकरणाच्या आठव्या दिवशीचा आहे.

मग ठिणगी कशाने पडली? आपल्याला प्रांताच्या पोलीस दलाची सूत्रे मिळतील अशी सापाताची समजूत होती. मादेरोशी झालेल्या बोलण्यातून ती तयार झाली होती. पण हंगामी राज्यपालपदावर बसलेले हुआन कारेओन हे मोरेलोस बँकेचे व्यवस्थापक. त्यांनी दारूगोळा द्यायला नकार दिला, तेव्हा सापाताच्या माणसांनी शस्त्रागार उघडून हवे ते घेतले. ही अरेरावी होती, यात शंका नाही. पण शस्त्रागाराच्या कुलपावरून झालेला तंटा आणि रोमन साम्राज्यावर तुटून पडलेला हूण यांत जे अंतर आहे, ते वर्तमानपत्राने एका रात्रीत पार केले. क्वेर्नावाकाहून भेदरून पळालेल्यांच्या कहाण्या छापल्या गेल्या. साखरमळ्यांचे मालक राजधानीत ठाण मांडून होते. त्यांचा शब्द छापखान्यापर्यंत विनासायास पोचत होता.

त्या छापखान्याबद्दल थोडे सांगितलेच पाहिजे. राफाएल रेयेस स्पिंदोला यांनी १८९६ मध्ये ‘एल इम्पार्शियाल’ काढले ते सरकारी अनुदानाच्या जोरावर. नवी चक्री यंत्रे, एक सेंताव्हो किंमत, चुरचुरीत बातम्या. त्याच वर्षी ‘एल सिग्लो दिएस ई नुएवे’ आणि ‘एल मोनितोर रेपुब्लिकानो’ ही जुनी, बाणेदार, उदारमतवादी दैनिके बंद पडली. एक सेंताव्होच्या अंकापुढे ती तगणे शक्य नव्हते. दियास गेला, पण अंक काढणारे, त्यांच्यासोबत जेवणारे आणि त्यांना बातम्या पुरवणारे लोक तेच राहिले. मादेरोने वृत्तपत्रांना मोकळीक दिली आणि त्या मोकळिकीचा सर्वांत कडक वापर त्याच्याविरुद्ध आणि सापाताविरुद्ध झाला. ‘मुल्तिकोलोर’सारख्या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकांनीही यात हातभार लावला.

मथळ्यानंतर सापाता स्वतः राजधानीत गेला आणि मादेरोपुढे आपली बाजू मांडली. बातमीदारांनी गाठले तेव्हा त्याने सांगितले ते साधे होते: मी पैशासाठी क्रांतीत उतरलो नाही, माझ्यापाशी जमीन आहे, तबेला आहे, आणि तो मी वर्षानुवर्षे कष्ट करून उभा केला आहे. हे छापूनही आले. पण खुलाशाचे वजन मथळ्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे तेव्हाही खरे होते.

आता दुसरा कागद पाहू. तो वर्तमानपत्राचा नाही. २५ एप्रिल १९१० रोजी, क्रांतीला सुरुवात होण्याच्या सात महिने आधी, अनेनेक्विल्कोच्या गावकऱ्यांनी राज्यपालांना अर्ज केला. पाऊस तोंडावर आला आहे, आम्हा गरीब कष्टकऱ्यांना जमिनीची मशागत सुरू करायला हवी. जमीन गावाची आहे की मळ्याची, हा निवाडा कायद्याने पुढे होईल तसा होवो, तोवर पेरणीपुरता आधार द्यावा. अर्जाचा आशय इतकाच. आठ दिवसांनी उत्तर आले: नेमकी कोणती जमीन म्हणता ते कळवा. गावाने पुन्हा लिहिले. तोवर शेजारच्या ‘ओस्पिताल’ मळ्याने ती जमीन भलत्याच गावच्या लोकांना कसायला देऊन टाकली होती. पेरणीचा हंगाम कागदांच्या येरझाऱ्यांत निघून चालला होता. शेतीशी ज्यांचा थोडाही संबंध आला आहे, त्यांना या अर्जातली घाई समजावून सांगावी लागणार नाही. ही भाषा अटिलाची आहे का?

या अर्जामागे जुना इतिहास होता. १२ सप्टेंबर १९०९ रोजी गावातल्या म्हाताऱ्या पंचांनी, आता हे आमच्याने होत नाही म्हणत, जबाबदारी सोडली आणि गावाने सापाताला प्रमुख निवडले. त्याच्या हाती गावकीच्या कागदांची पेटी आली: वसाहतकाळातल्या सनदा, शिवाराचे नकाशे, निवाडे, तक्रारी. गावचा चिटणीस फ्रान्सिस्को फ्रांको याच्यासह तो चर्चच्या माळ्यावर बसला आणि आठ दिवस, जेवणखाण आणि झोप सोडून, दोघांनी ते कागद लावले. काही कागद नाउआत्ल भाषेत होते. ते वाचता येईनात, म्हणून फ्रांकोला शेजारच्या गावी पाठवून ती भाषा जाणणाऱ्या एका पाद्र्याकडून उलगडा करून घेतला. ज्याला राजधानीतले संपादक रानटी टोळीचा म्होरक्या म्हणत होते, त्याची सार्वजनिक कारकीर्द अशी दस्तऐवजांच्या वाचनाने सुरू झाली होती. मोरेलोसच्या मळ्यांनी नव्या गिरण्या बसवल्या होत्या आणि त्यांची उसाची भूक वाढत होती. एकेक गाव उसाच्या फडांनी वेढले जात होते आणि काही तर नकाशावरून पुसली गेली होती. त्या पेटीतले कागद हा गावाचा एकमेव पुरावा होता.

ऑगस्ट १९११ मध्ये व्हिक्तोरियानो उएर्ताच्या हाताखाली केंद्राची फौज मोरेलोसमध्ये घुसली आणि तडजोडीची वाट बंद झाली. ऑक्टोबरच्या अखेरीस सापाताची माणसे राजधानीच्या सीमेवरच्या मिल्पा आल्तापर्यंत आली. २५ ऑक्टोबरला संसदेत होसे मारिया लोसानो या वक्तृत्वाबद्दल नावाजलेल्या प्रतिनिधीने भाषण केले: सापाता हा माणूस नाही, ते प्रतीक आहे, गुलामांना उठवणारा स्पार्टाकस पुन्हा अवतरला आहे. स्तुती नव्हती ही. ऐकणारे सगळे मालमत्तावाले होते, आणि स्पार्टाकस हे नाव त्यांना अटिलाइतकेच धडकी भरवणारे होते. वर्तमानपत्रात जन्मलेले चित्र चार महिन्यांत सभागृहात पोचले. जानेवारी १९१२ मध्ये मोरेलोसमधले घटनात्मक संरक्षण स्थगित झाले.

त्यानंतर जनरल हुवेन्सियो रोब्लेस आला. त्याने सापाताची सासू, बहीण आणि दोन मेहुण्या ओलीस म्हणून उचलून नेल्या. फेब्रुवारीत सांता मारिया आउआकातित्लान हे गाव पेटवून दिले. बंडखोरांना भाकर देणारी वस्ती म्हणून आणखी गावे जाळली आणि माणसे हुसकून मोठ्या गावांच्या कडेला कोंबली. मथळ्यामुळे गावे जळली असे सरळ सूत्र मी मांडत नाही. जाळण्याचे हुकूम सैन्याचे होते. पण राजधानीतल्या सुशिक्षित, सज्जन वाचकाला या जाळपोळीचे काही वाटले नाही, उलट पुरेशी कडक कारवाई होत नाही अशी त्याची तक्रार होती, आणि ही मनोभूमी कोणी नांगरून ठेवली होती ते जुने अंक चाळले की स्पष्ट दिसते. त्या अंकांत सापाताचे सैनिक ‘टोळ्या’ आहेत आणि मेलेले गावकरी सहसा ‘सापातिस्ता’, म्हणजे सापाताचे बंडखोर, आहेत.

याच वर्षात या चित्राची कसोटी पाहणारी एक घटनाही घडली. ऑगस्ट १९१२ मध्ये रोब्लेसच्या जागी फेलिपे आंखेलेस हा अभ्यासू तोफखाना अधिकारी आला. त्याने जाळपोळ थांबवली आणि लोकांशी बोलायला सुरुवात केली. त्या शरदात बंड चक्क ओसरले. शेतकरी पिकांकडे परतले. हूणांची टोळी असती तर हे व्हायला नको होते.

आणि तरीही दुसरी बाजू लपवून चालणार नाही. आंखेलेस येतो न येतो तोच, १२ ऑगस्टला, तिकुमान येथे आमादोर सालासारच्या नेतृत्वाखालच्या सापातिस्तांनी आगगाडीवर हल्ला केला. ३६ सैनिक आणि ३० नागरिक मारले गेले. त्यांत दोन बातमीदार होते, ‘एल इम्पार्शियाल’चे उम्बेर्तो स्ट्राउस आणि ‘एल पाइस’चे इग्नासियो एरेरियास. राजधानीच्या पत्रकारांना सापाताबद्दल समतोल लिहा असे त्यानंतर कोणत्या तोंडाने सांगावे? त्यांचा संताप खरा होता, त्यांची माणसे गेली होती. पक्षपाती वार्तांकनाचा अभ्यास करणाऱ्याने हे ६६ मृत्यू तळटीपेत ढकलले तर तो पक्षपाताची फक्त बाजू बदलतो.

१९११ च्या नोव्हेंबरअखेरच्या ‘आयाला योजने’चा छापील इतिहास मला सगळ्यांत बोलका वाटतो. शाळामास्तर ओतिलियो मोंतान्यो याने सापाताशी बोलून मसुदा लिहिला. गावांच्या हिरावलेल्या जमिनी परत करायच्या आणि मोठ्या मळ्यांचा तिसरा हिस्सा मोबदला देऊन घ्यायचा, हा त्याचा गाभा. मूळ प्रतीच्या नकला उआउत्लाच्या पाद्र्याच्या टंकयंत्रावर निघाल्या. राजधानीत ‘दियारियो देल ओगार’ला ती छापायची होती. संपादक एन्रीके बोनिया यांनी मादेरोची परवानगी विचारली. तोपर्यंत राष्ट्राध्यक्ष झालेल्या मादेरोने होकार दिला, आणि तोही एवढ्यासाठी की हा सापाता किती वेडा आहे ते सगळ्यांना कळू दे. १५ डिसेंबरला मजकूर छापून आला आणि अंक हातोहात संपले. महिनोन्‌महिने ज्याच्याबद्दल बहुतेक ऐकीवच कळत होते, त्याचे सगळे म्हणणे वाचकांनी पहिल्यांदा सलग वाचले.

ज्यांना वाचता येत नव्हते, त्यांची वर्तमानपत्रे वेगळी होती. बाजाराच्या दिवशी गिटार घेऊन बसणारा कोरीदो गाणारा शाहीर लढायांच्या बातम्या पद्यात सांगे. सापाताच्या छावणीतला असा शाहीर म्हणजे मार्सियानो सिल्वा. अशी गाणी इतिहासाचे साधन म्हणून वापरताना तीही एका पक्षाची आहेत हे ध्यानात ठेवावेच लागते. मादेरोच्या सोन्याच्या घड्याळाची प्रसिद्ध गोष्ट अशीच जपून घ्यावी. बंदुकीच्या धाकाने मी तुमचे घड्याळ नेले आणि पुढे तुम्ही सशस्त्र भेटलात तर ते परत मागाल ना, असे सापाताने विचारल्याचे सांगतात. पण ती लिहून ठेवली गिल्दार्दो मागान्या याने, जो सापाताचा सहकारी आणि पुढे त्याचा वारस होता.

नोव्हेंबर १९१४ मध्ये खुद्द राजधानीच सापाताच्या हाती आली. तोवर ‘एल इम्पार्शियाल’ बंद पडले होते, पण त्याने पेरलेली भीती शहरभर होती. लुटालूट होणार म्हणून दारे लावून बसलेल्या लोकांच्या घरी सापातिस्ता आले ते टोपी हातात घेऊन, खायला मागायला. त्यांच्या टोप्यांवर ग्वादालूपेच्या माउलीची चित्रे होती. अग्निशामक दलाचा बंब घंटा वाजवत आला तेव्हा ते युद्धयंत्र समजून त्यांनी गोळ्या झाडल्या आणि बारा जवान मेले. हेही त्याच दिवसांतले. सापाता स्टेशनाजवळच्या एका कळकट हॉटेलात उतरला आणि बातमीदारांशी जेमतेम दोन शब्द बोलला.

४ डिसेंबरला सोचिमिल्को येथे तो उत्तरेकडचा क्रांतिकारी सेनानी पांचो व्हिया याला भेटला. या भेटीचे लघुलेखकाने टिपलेले शब्दन्‌शब्द टिपण उपलब्ध आहे, आणि अमेरिकी प्रतिनिधी लिऑन कनोव्हा याने वॉशिंग्टनला पाठवलेला अहवालही. कनोव्हाचे डोळे शिंप्याचे होते. सापाताचा पेहराव त्याने असा टिपला: आखूड काळे जाकीट, गळ्यात फिकट निळा रेशमी रुमाल, जांभळट सदरा, तंग काळी विजार आणि तिच्या दोन्ही शिवणींवर चांदीची बटणे. वजन १३० पौंडांच्या आसपास, तर व्हिया १८० पौंडांचा. बराच वेळ दोघे अवघडून बसले होते. सापाताने कोन्याक मागवली. कधी न पिणाऱ्या व्हियाला घोट घेताच ठसका लागला. मग बोलणे जमिनीवर आले. जमिनीवर लोकांचे केवढे प्रेम आहे, ती खरोखर मिळाली यावर त्यांचा अजून विश्वास बसत नाही, असे सापाता सांगत होता.

१९१५ मध्ये राष्ट्रीय कृषी विद्यालयाचे तरुण पदवीधर जमिनी मोजायला मोरेलोसमध्ये उतरले. त्यांतल्या मार्ते गोमेसने पुढे आठवणी लिहिल्या. अनेनेक्विल्को आणि यौतेपेकच्या शिवारांच्या हद्दीवर सापाताने या मोजणीदारांना सांगितले, गाव म्हणते हा दगडी बांध आमची हद्द, तर रेघ बांधावरूनच जाईल. तुम्हा इंजिनिअरांना सरळ रेघांचा सोस असतो. पण बांधाची सगळी वळणे मोजायला सहा महिने लागले तरी चालतील. वीस वर्षांच्या पोरांना समजावणाऱ्या या माणसाची बातमी राजधानीच्या कोणत्याही अंकाला नको होती.

त्याच्या मुख्यालयाची दप्तरेही वाचावीत, आणि भक्तांनी तर नक्कीच वाचावीत. त्यांत गावोगावच्या तक्रारी आहेत: आमचे बैल तुमच्या सैनिकांनी नेले, मका नेला, बायकांना त्रास दिला. मुख्यालय हुकूम काढते, ताकीद देते, पुन्हा हुकूम काढते. म्हणजे आधीचा कोणी पाळलेला नसतो. मे १९१७ मध्ये आयाला योजनेचा लेखक मोंतान्यो यालाच फितुरीच्या आरोपाखाली गोळ्या घातल्या गेल्या. भक्तांना हवा असलेला संत या दप्तरांत सापडत नाही. गाव आणि बंदूकवाले यांच्यातला समतोल सांभाळताना मेटाकुटीला आलेला एक सेनापती तेवढा दिसतो.

१० एप्रिल १९१९ रोजी चिनामेका मळ्याच्या दारात सरकारी फौजेतल्या कर्नल हेसूस ग्वाहार्दोने सापाताला दग्याने मारले. आपण फुटून आलो आहोत हे पटवण्यासाठी ग्वाहार्दोने आधी साठेक माणसांना गोळ्या घातल्या होत्या. तुतारीची मानवंदना झाली आणि सलामीसाठी उचललेल्या बंदुकांतूनच गोळ्या सुटल्या, असे सापाताचा चिटणीस साल्वादोर रेयेस आव्हिलेस याने त्याच दिवशी लिहून ठेवले. ग्वाहार्दोला बढती आणि ५०,००० पेसो मिळाले. ‘एक्सेल्सियोर’ने सापाता मेला आणि त्याबरोबर सापातावादही मेला असे जाहीर केले. ‘एल देमोक्राता’ने मात्र, त्याला रक्तपिपासू म्हणतानाच, आदिवासींच्या मनात त्याची दंतकथा झाली होती हे नोंदवले. मोरेलोसची लोकसंख्या १९१० मध्ये सुमारे १,८०,००० होती. १९२१ मध्ये ती १,०३,००० च्या आसपास उरली.

पाच वर्षांत वारे फिरले. १० एप्रिल १९२४ रोजी राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार प्लुतार्को कायेस क्वाउत्लाला सापाताच्या थडग्यापाशी भाषण करत होते. त्याच वर्षी वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे चापिंगोला कृषी विद्यालयात शिकवू लागले. गोमेस आणि त्याचे सोबती शिकले ते विद्यालय आता तिथे हलले होते. तिथल्या जुन्या प्रार्थनागृहाच्या भिंतीवर दिएगो रिवेराने मक्याच्या शेताखाली मातीत निजलेले सापाता आणि मोंतान्यो रंगवले. रिवेराने खानखोज्यांनाही शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर जागा दिली आहे. क्वेर्नावाकाच्या १९३० च्या भित्तिचित्रात त्याने सापाताला पांढरा घोडा दिला. चिनामेकाला सापाता गेला तो घोडा तांबूस होता, आणि तो ग्वाहार्दोनेच भेट दिला होता.

क्वेर्नावाकात हॉटेल चालवणाऱ्या रोझा किंग या इंग्रज बाईंनी १९३५ मध्ये आठवणी छापल्या. क्रांतीत त्यांचे सर्वस्व गेले होते. तरी त्या पुस्तकात सापातिस्तांबद्दल जी समज आहे, ती राजधानीच्या एकाही संपादकाला साधली नव्हती. आणि १९४३ मध्ये हेसूस सोतेलो इंक्लान या मेक्सिको सिटीतल्या शिक्षकाने ‘राइस ई रासोन दे सापाता’ हे पुस्तक लिहिले. ते उभे आहे अनेनेक्विल्कोच्या त्याच पेटीवर. सापाताने ती लढाईच्या धामधुमीत फ्रांकोकडे सोपवली होती. फ्रांकोने ती रोब्लेसच्या जाळपोळीतून वाचवली आणि तीस वर्षे सांभाळली. सोतेलो इंक्लानने तिच्यातून गावाच्या हद्दीचा वाद मागे, स्पॅनिश लोक येण्यापूर्वीपर्यंत नेऊन दाखवला. फ्रांको त्यानंतरही गावाच्या जमिनीसाठी सरकारदरबारी कागद नेत राहिला. १९४७ मध्ये त्याचा खून झाला.